जूनमध्ये साधले, जुलैत का नाही?

बिहारमध्ये २००८ च्या जून महिन्यात सरकारी शाळांच्या इमारतींत एक उन्हाळी शिबिर भरले. शिकवणारे सरकारी शाळांतलेच शिक्षक होते. सुटीतील कामाचा वेगळा मोबदला राज्य सरकारने दिला होता, साहित्य व प्रशिक्षण ‘प्रथम’ या संस्थेचे होते आणि मदतीला स्वयंसेवक होते. जेमतेम महिनाभरात मागे पडलेल्या मुलांच्या वाचनात मोजता येण्याजोगी सुधारणा झाली. पुढे शाळा सुरू झाल्या. तेच साहित्य, तेच प्रशिक्षण शिक्षकांच्या हाती देऊन दोन वर्षे पाहिले गेले. जिथे फक्त साहित्य किंवा साहित्याच्या जोडीला प्रशिक्षण दिले, तिथे मुलांच्या शिकण्यात काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो जिथे स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वेगळे वर्ग घेतले तिथेच. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेत जाऊन नेहमीच्या शिक्षकांसारखेच काम करू लागले, आणि तिथे त्यांचाही उपयोग झाला नाही.

शिक्षक तेच, मुले तीच, पुस्तके तीच. मग जूनमध्ये जे साधले ते जुलैत का साधू नये? भारतातील प्राथमिक शिक्षणाविषयी गेल्या पंचवीस वर्षांत झालेल्या संशोधनातून निघालेला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

हे प्रयोग ज्या रीतीने केले गेले, ती रीत समजायला सोपी आहे. शे-दोनशे शाळा निवडायच्या, चिठ्ठ्या टाकून त्यांचे गट पाडायचे, एका गटात नवा उपक्रम राबवायचा, दुसरा गट तुलनेसाठी होता तसाच ठेवायचा आणि शेवटी दोन्ही गटांतील मुलांची एकच चाचणी घ्यायची. चिठ्ठीने निवड झाल्यामुळे उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळा एकाच बाजूला जमण्याची शक्यता उरत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते या पद्धतीच्या कामासाठी, आणि तिच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक मुंबई व वडोदऱ्यातील महापालिका शाळांत झाला. ‘बालसखी’ हे त्याचे नाव. वस्तीतील एखादी शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळे घेऊन बसे. दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. शैक्षणिक प्रयोगांच्या हिशेबात ही वाढ चांगलीच म्हणायची. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा मोठा भाग ओसरला. आणखी एक गोष्ट निघाली, तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ही मुले बालसखीकडे गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता, तरीही त्या वर्गात राहिलेल्या मुलांची प्रगती वाढली नाही. वर्गातील पटसंख्या कमी करणे हा आपल्याकडे रामबाण उपाय समजला जातो, म्हणून हे नमूद केले पाहिजे.

त्यानंतर उत्तर प्रदेशातील जौनपूर. २००५-०६ मध्ये तिथल्या २८० गावांत लोकसहभागाची परीक्षा झाली. ग्राम शिक्षण समित्यांचे कायदेशीर अधिकार लोकांना समजावून सांगितले, तर गावकरी शाळेला जाब विचारतील आणि शाळा सुधारेल, अशी अपेक्षा होती. बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हते. कित्येक सदस्यांना आपण सदस्य आहोत याची कल्पना नव्हती. सभा झाल्या, माहिती दिली गेली, आणि शाळेत काहीही बदलले नाही. मात्र ज्या गावांत तरुण स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची साधी रीत शिकवली, तिथे त्यांच्या वर्गांना गेलेली मुले अक्षरे ओळखू लागली, वाचू लागली. अडचण एवढीच, की या वर्गांना जाणारी मुले फार थोडी होती.

सेवेत असताना मी उत्तरेकडील एका जिल्ह्यात शाळांची पाहणी करीत असे. एका शाळेत चौथीच्या मुलांच्या वह्या तपासल्या. अक्षर इतके रेखीव, की मी शेरापुस्तिकेत प्रशंसा लिहून टाकली. निघताना सहज एका मुलीला तिनेच उतरवून घेतलेला परिच्छेद वाचायला सांगितले. तिला त्यातील एकही शब्द वाचता आला नाही. फळ्यावरचे ती चित्रासारखे उतरवत होती. मी शिक्षकाकडे पाहिले. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, अभ्यासक्रम वेळेवर पूर्ण आहे.” तो खोटे बोलत नव्हता. त्याच्याकडून मागितले जात होते ते तेवढेच, आणि मागणाऱ्यांत मीही होतो. शेरापुस्तिकेतील ती प्रशंसा मी खोडली नाही, याची खंत आजही आहे.

जूनचे उत्तर इथेच सापडते. शिबिरात शिक्षकापुढे पाठ्यपुस्तक नव्हते, समोरची मुले होती. इयत्तेचा विचार न करता ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याला अक्षरापासून, ज्याला शब्द येतो त्याला वाक्यापासून शिकवायचे होते. जुलैत तोच शिक्षक पुन्हा अभ्यासक्रमाला बांधला गेला. आपला शिक्षण हक्क कायदाही (२००९) या बाबतीत द्विधा आहे. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. संपूर्ण अभ्यासक्रम ठरल्या मुदतीत पूर्ण करणे हे एक. त्याच्या पुढचेच कर्तव्य, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे. पहिल्याची नोंद ठेवता येते. दुसऱ्याची नोंद मागणारा वरिष्ठ मला माझ्या सेवाकाळात भेटला नाही.

हरियाणाने २०१२-१३ मध्ये हा पेच सोडवून पाहिला. शाळेच्या दिवसात एक तास याच कामासाठी राखून ठेवला, त्या तासाला मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवले आणि देखरेख करणाऱ्या गट समन्वयकांना आधी स्वतः पंधरा-वीस दिवस वर्गात शिकवायला लावले. हिंदीत सुधारणा दिसली, गणितात नाही. तपासणीस येणाऱ्याने आधी स्वतः खडू हाती धरणे ही त्यातली कळीची बाब होती, असे मला वाटते. त्याच राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही अशीच परीक्षा झाली. त्याने मुलांच्या गुणांत भर पडली नाही.

चिठ्ठ्यांच्या या पद्धतीवर अँगस डीटन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. एका ठिकाणी आलेले उत्तर दुसरीकडे येईलच असे नाही, आणि सरासरीतून कारण कळत नाही. वर बिहारचे जे कारण मी सांगितले, ते फक्त आकड्यांतून निघालेले नाही. वर्गात बसून पाहिल्यावर आणि निरनिराळी अपयशे शेजारी मांडल्यावर ते उमगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी नाही. विल्यम ॲडम याने १८३५ ते १८३८ या काळात बंगाल-बिहारमधील देशी शिक्षणाची पाहणी केली, तेव्हा शाळा मोजून तो थांबला नाही. नाटोर ठाण्यात त्याने घरोघरची माहिती घेतली आणि कोणाला किती वाचता-लिहिता येते याच्या पायऱ्या पाडल्या. २००५ पासून ‘असर’चे स्वयंसेवक गावोगावी घरांत जाऊन जे करतात, त्याचे हे पूर्वरूप. ॲडमचे अहवाल पूर्ण होण्याआधीच इंग्रजी शिक्षणाचा निर्णय होऊन गेला होता, आणि त्याच्या शिफारशी नाकारल्या गेल्या.

ही रीत अजून मोडलेली नाही. मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यांकन करून प्रत्येक शाळेसाठी सुधारणा आराखडा तयार करण्याचा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो चिठ्ठीच्या पद्धतीने तपासला. आराखडे वेळेवर तयार झाले, कागदपत्रे चोख होती. शिकवणे बदलले नाही, शिकणेही नाही. तरीही त्याच धर्तीचा कार्यक्रम पुढे देशातील सहा लाखांहून अधिक शाळांत गेला. प्रशासनाला आराखडा मोजता येतो, म्हणून तो यशस्वी ठरतो. मीही असे आराखडे मंजूर केले आहेत.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. करोनाच्या खड्ड्यातून आपण वर आलो आणि २०१८ च्या २०.९ टक्क्यांच्याही पुढे गेलो, ही समाधानाची बाब आहे. ‘निपुण भारत’ने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली आहे. ती पाळायची तर राज्यांनी आपल्या मासिक आढावा बैठकांच्या तक्त्यातील ‘अभ्यासक्रम पूर्ततेची टक्केवारी’ हा रकाना काढून त्या जागी ‘किती मुले वाचू लागली’ हा रकाना घालावा. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही; सचिवाच्या सहीचे एक परिपत्रक पुरते.