समुपदेशकाचं बोलणं कोण तपासतं?

शिवणकाम शिकवताना आम्ही बाईला थेट मशीनवर बसवतो आणि टाका वाकडा पडला की तिथेच उसवायला लावतो. मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करणारी माणसं मात्र बऱ्याचदा व्याख्यानं आणि परीक्षेवर तयार होतात. नंतर बंद खोलीत काय बोलणं झालं, हे शिकवणाऱ्याला कळतं ते शिकणाऱ्याच्याच तोंडून.

आमच्या गटातल्या एका ताईला बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने झोप नव्हती. घरच्यांची समजूत घालून ती समुपदेशनाला गेली. "थोडं जुळवून घ्या," एवढंच ऐकून परतली, पुन्हा गेली नाही. ते वाक्य खोलीबाहेर कुणालाच कळलं नाही.

गोव्यात 'संगाथ' संस्थेनं यावर काम केलं. डॉ. विक्रम पटेल या संस्थेचे एक संस्थापक. त्यांनी या शास्त्राचं आधी शिक्षण नसलेली स्थानिक माणसं निवडली. तीन आठवडे वर्ग, मग काही महिने अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. रुग्णाच्या संमतीनं संभाषण रेकॉर्ड व्हायचं, आणि समुपदेशक गटात बसून ते ऐकायचे. नीट ऐकून घेतलं का, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं ते रुग्णाबरोबर ठरवलं का, अशा मुद्द्यांवर एकमेकांना गुण द्यायचे. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत, पुढे समुपदेशकच हे चालवू लागले. आपण बैठकीत हिशेबाची वही मोठ्यानं वाचतो ना, तसंच काहीसं!

त्यांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांबरोबर हे तपासलं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोकांचा त्रास बराच ओसरला होता, न मिळालेल्यांत 39 टक्के. हे सगळं यश रेकॉर्डिंगचं, असं आम्ही म्हणणार नाही. पण अशी तालीम नसती तर नवख्या माणसांच्या हाती रुग्ण सोपवायचं धाडस झालं नसतं, असं आम्हाला वाटतं.

रेकॉर्डिंगची भीती वाटणं साहजिक आहे. बाई नको म्हणाली तर यंत्र बंद, उपचार मात्र चालूच राहायला हवेत. आणि ऐकणाऱ्यांना वेळ लागतो, मानधन लागतं. आम्हाला वाटतं, गाडं तिथेच अडतं.

आमच्याकडे येणाऱ्या समुपदेशक ताईंना आम्ही विचारलं, "तुमचं काम कोण ऐकतं?" त्या म्हणाल्या, "दर महिन्याला किती रुग्ण पाहिले तो आकडा वर जातो."