नान्नजचा माळ आणि माळढोक

माळढोकाची मादी एका विणीला बहुधा एकच अंडे घालते. तेही उघड्या माळावर, नुसत्या जमिनीवर. झाड नाही, ढोली नाही, काटक्यांचा आडोसा नाही. जवळजवळ महिनाभर ती त्यावर बसून असते. या काळात भटकी कुत्री तिकडे फिरकली, मेंढरांचा कळप त्या वाटेने वळला किंवा नांगराचे तास पडले, की ती वीण गेली. चिमण्या-कावळ्यांसारखी भराभर भरपाई करण्याची सोय या पक्ष्याला निसर्गाने दिलेलीच नाही. मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत, लांब मान वर करून कोसभर नजर टाकणारा हा पक्षी मोकळ्या गवताळ जमिनीसाठीच घडलेला आहे. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातला भुईमूग आणि हरभरा हे त्याचे खाणे. नजर जिथे अडते तिथे तो राहत नाही.

महाराष्ट्रात या पक्ष्यासाठी जी सरकारी व्यवस्था उभी राहिली, तिचे केंद्र नान्नज. सोलापूर-बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवरचे हे गाव द्राक्ष बागायतदारांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. ‘सोनाका’ हे वाण इथल्याच नानासाहेब काळे यांनी पुढे आणले. देशभर गेलेले द्राक्ष आणि देशातून जात चाललेला पक्षी, दोघांचे शिवार एकच. एकाची भरभराट आणि दुसऱ्याची पडझड एकमेकांशी कशी बांधलेली आहे, हे पाहिल्याशिवाय नान्नजची गोष्ट पुरती कळत नाही.

ती गोष्ट १९७२ मध्ये सुरू होते. महाराष्ट्राला बहात्तर म्हटले की दुष्काळ आठवतो. त्याच वर्षी देशाने वन्यजीव संरक्षण कायदा केला, आणि त्याच वर्षी निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर माळढोक असल्याची नोंद केली. तेव्हा त्या माळाला कसलेही संरक्षण नव्हते. खुरटे गवत, काटेरी झुडपे, मुरूम आणि चरणारी जनावरे. दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला आणि १९७५ च्या सुमारास सोलापूर-नगर भागातले माळाचे काही तुकडे त्यात घेतले गेले. चराईबंदी झाली, माती अडवली, गवत आणि झाडे लावली. हेतू चाऱ्याचा आणि मातीचा होता, पक्ष्याचा नव्हता. पण गवत गुडघ्याला लागू लागले, त्यात किडे वाढले, आणि माळढोक त्या राखलेल्या तुकड्यांवर टिकून राहिला.

मला नान्नजच्या इतिहासातले हे पान सगळ्यांत मोलाचे वाटते. भल्यामोठ्या घोषणेच्या आधी, केवळ गवताला चार पावसाळे उसंत मिळाल्यामुळे पक्ष्याला घर मिळाले होते.

घोषणा झाली १९७९ मध्ये. माळढोक अभयारण्याचे क्षेत्र ठरले ८,४९६ चौरस किलोमीटर. आजचा अख्खा परभणी जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, त्यांतली गावे, बाजारपेठा, रस्ते, विहिरी, सातबारावर पिढ्यान्‌पिढ्या नाव असलेली शेते, सगळे एका आदेशाने अभयारण्यात आले. त्यातली वनखात्याच्या प्रत्यक्ष ताब्यातली जमीन अगदी थोडी होती. पक्षी दूरवर फिरतो, म्हणून क्षेत्र मोठे हवे, हा विचार शास्त्राला धरून होता. पण ज्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीच्या व्यवहारासाठी परवानगीच्या फेऱ्या पडल्या, त्याच्या लेखी माळढोक हा अडचणीचा पक्षी झाला. ज्याच्या ज्वारीत तो निर्धास्त चरायचा, त्याचीच मर्जी गेली. एका पक्ष्याचे यापेक्षा मोठे नुकसान बंदुकीनेही झाले नसते, असे मी म्हणालो असतो, पण बंदुकीनेही कमी केलेले नाही. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज साऱ्या जगातल्या माळांवर मिळून सुमारे दीडशेच उरले आहेत.

अभयारण्य जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, उजनी धरण पूर्ण झाले. सोलापूरच्या कोरडवाहू माणसाला या पाण्याची किती आस होती, हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. पाणी आले तसा ऊस आला, विहिरी-बोअरवर द्राक्ष आणि डाळिंब आले. रब्बीच्या ज्वारीत, करडईत, हरभऱ्यात माळढोकाला खाणे होते आणि दूरवर दिसतही होते. उसाच्या फडात आणि तारांच्या मांडवात त्याला पाऊल टाकता येत नाही. कोणी ठरवून त्याला हाकलले नाही. माणसाचे भले होत गेले आणि त्या भल्याच्या आराखड्यात माळासाठी रकानाच नव्हता. सरकारी नोंदीत माळ म्हणजे पोटखराबा, नाहीतर पडीक. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही गवताळ माळ त्याच यादीत बसवलेले आहेत. ज्याला आधीच नापीक ठरवले, त्याचे काय बिघडले हे मोजायला कोणी जात नाही.

वनखात्यानेही हाच चष्मा लावला होता. उघड्या माळावर झाडे लावणे हे पुण्यकर्म, अशी आपली सर्वांचीच समजूत. त्या समजुतीपायी गवताच्या जमिनीवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. आंब्याच्या बागेत कोणी गहू पेरला तर आपण त्याला वेड्यात काढू. गवतात लावलेल्या झाडांचे मात्र फोटो काढतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी १९८० च्या दशकात नान्नजसह देशातल्या माळढोकांच्या अभ्यासात होते. गवताळ प्रदेश ही जंगलाची बिघडलेली अवस्था नाही, ती स्वतंत्र आणि पुरातन सृष्टी आहे, हे त्यांच्यासारखे अभ्यासक तेव्हापासून सांगत आले आहेत.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने अभयारण्याची फेरआखणी झाली आणि क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. लोकांना दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण तोवर नान्नजला माळढोक दिसणे ही वर्तमानपत्रात यावी अशी घटना झाली होती.

तरीही नान्नजचे काम थांबलेले नाही, आणि ते बहुतांशी वनरक्षक आणि वनमजूर यांचे काम आहे. कुंपणाची डागडुजी, उन्हाळ्याआधी जाळरेषा काढणे, पाणवठे भरणे, शिरलेली जनावरे गोडीगुलाबीने बाहेर काढणे, आणि पहाट-संध्याकाळ गवतावर नजर ठेवणे. वाघाच्या जंगलातल्या माणसाला जी प्रतिष्ठा मिळते ती यांच्या वाट्याला येत नाही. माळढोक दिसो न दिसो, त्यांनी राखलेल्या गवतात काळवीट आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे, धाविक आणि चंडोल आहेत, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्ये आहेत. एका पक्ष्याच्या नावाने राखलेला माळ इतक्यांचा संसार चालवतो.

माळढोकाची उरलेली आशा आता राजस्थानात आहे. जगातले बहुतेक पक्षी जैसलमेरच्या वाळवंटी गवतात आहेत. तिथे वेगळेच संकट उभे राहिले. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचे दिसते कमी. शरीर जड, आयत्या वेळी वळता येत नाही. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या उच्चदाब तारांवर आदळून ते मरू लागले. वन्यजीव-अभ्यासक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा व्यापक आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. दरम्यान जैसलमेरजवळ सम येथे २०१९ मध्ये प्रजनन केंद्र सुरू झाले. माळावरची अंडी उचलून उबवणी यंत्रात ठेवायची, पिल्ले हाताने वाढवायची, असे हे जिकिरीचे काम. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांचे हे यश खरोखर मोठे आहे.

पण पिल्ले वाढतील, त्यांची पिल्ले होतील, मग सोडायची कुठे? गवत उबवणी यंत्रात वाढत नाही.

या प्रश्नाला उत्तर शोधताना मला नान्नजपेक्षा वाशीम-अकोल्याकडे पाहावेसे वाटते. माळढोकाचाच धाकटा भाऊबंद तणमोर तिथल्या गवतात पावसाळ्यात विणीला येतो. कोंबडीएवढा पक्षी, नर गवतावर उंच उडी मारून मादीचे लक्ष वेधतो, दिवसातून शेकडो वेळा. त्याचीही आता अतिसंकटग्रस्तांत गणना होते. या पक्ष्याची बित्तंबातमी पिढ्यान्‌पिढ्या कोणाला असेल, तर फासेपारध्यांना. तित्तिर, लावे, हरणे यांचे माग काढण्यात आणि फास लावण्यात त्यांचा हातखंडा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या मार्गाने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, स्वातंत्र्यानंतर वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा केला. दोन्ही वेळा त्यांच्यापाशी असलेल्या माहितीची किंमत कोणी केली नाही. कारंजा लाड येथील कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने ती केली. तणमोर कुठे उड्या मारतो, मादी कुठे बसली असेल, कोणत्या तुकड्यावर गुरे केव्हा सोडू नयेत, हे पारधी सांगू लागले आणि अकोला जिल्ह्यातल्या वडाळ्यासारख्या वस्तीत त्यांनी स्वतः माळ राखायला घेतला. शिकाऱ्याचे ज्ञान राखणीला लागले. इथे राखणाऱ्याचे पोट आणि पक्ष्याचे गवत एकाच बाजूला आहेत, म्हणून मला हा प्रयोग नान्नजच्या आदेशाहून खोलवर रुजणारा वाटतो.

हे सगळे राणीसावरगावच्या वाचकाशी का बोलायचे? परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले हे गाव रेणुकादेवीमुळे दूरवर माहीत आहे. बालाघाटाच्या रांगांचा हा टापू; गोदाकाठची काळी कसदार जमीन मागे पडली की मुरमाड उतार आणि हलके माळ सुरू होतात. सोलापूरचा माळ आणि हा माळ एकाच दख्खनी पठाराची लेकरे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते इथल्या गुराख्याला शिकवावी लागत नाहीत. मराठवाड्यातली गायराने आज वेगाने कामाला लावली जात आहेत. कुठे अतिक्रमण, कुठे वृक्षलागवडीचे खड्डे, कुठे सौर पॅनेल. शेतीपंपाला दिवसा वीज हवी, यात दुमत नाही. रात्रीच्या पाळीत विंचू-सापाच्या धास्तीने पाणी धरणाऱ्याला त्याची निकड विचारा. पण जागा निवडताना कागदावरचा ‘पडीक’ शेरा पुरेसा धरू नये.

आषाढ ते भाद्रपद या काळात गायरानाच्या कोणत्या भागात टिटवी, चंडोल, लावे अंडी घालतात, खोकडाची बिळे कुठे आहेत, हे गावातल्या मेंढपाळांना आणि गुराख्यांना ठाऊक असते. ग्रामसभेपुढे जागेचा ठराव येईल तेव्हा त्यांना बोलावून विचारावे, त्यांनी दाखवलेले तुकडे नकाशावर आखून घ्यावेत, आणि तेवढ्यावर चर खणू नये, झाड लावू नये, गवत पिकून बी झडेपर्यंत विळा घालू नये. यासाठी अभयारण्याची अधिसूचना लागत नाही, मुंबईची मंजुरीही लागत नाही. पहिला ठराव पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत करता येईल.