उशिरा दिसणाऱ्या प्रतिकाराचा माग

मक्याच्या पानांवर दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले लांबट, राखाडी-तपकिरी चट्टे पाडणारा टर्सिकम करपा हा मध्यम थंड व दमट हवेत बळावणारा बुरशीजन्य रोग असून, दाणे भरण्याच्या सुमारास तो वरच्या पानांपर्यंत चढला तर कणसाला अन्न पुरवणारी हिरवी पानेच उरत नाहीत. या रोगाविरुद्ध उपयोगी ठरलेले ‘एचटीएन-१’ हे जनुक मेक्सिकोतील पेपितिया या पारंपरिक वाणातून आले. ते रोगाला अटकाव करत नाही, विलंब लावते. चट्टे पडतात, पण उशिरा आणि कमी. त्यामुळे प्रतिकारक्षम झाड ओळखण्यासाठी पैदासकाराला हंगाम सरत येईपर्यंत थांबावे लागते, आणि रोगच न आलेल्या वर्षी काहीच कळत नाही.

ही अडचण जनुकीय खुणांनी, म्हणजेच मार्करांनी, दूर केली. मार्कर म्हणजे डीएनएमधील असा लहानसा भाग, की जो दोन वाणांत वेगळा असतो आणि प्रयोगशाळेत ओळखता येतो. तो स्वतः रोगाशी लढत नाही, केवळ गुणसूत्रावरील एक जागा दाखवतो. प्रतिकारक्षम व रोगाला बळी पडणाऱ्या वाणांचा संकर केल्यावर पुढच्या पिढीचे परागकण आणि बीजांडे तयार होताना जोडीतील गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, आणि मार्कर जनुकाच्या जितका जवळ, तितकी त्यांची ताटातूट विरळ. शंभरांत एकदा ताटातूट झाली, तर ते अंतर एक सेंटीमॉर्गन मानतात. शेकडो झाडांवरील रोगाची नोंद आणि त्यांचे मार्कर ताडून पाहिले की जनुकाची जागा उलगडू लागते. येथे शेतातील नोंदीचे मोल प्रयोगशाळेइतकेच आहे, कारण चट्टे चुकीचे मोजले गेले तर नकाशाही चुकतो.

अशा रीतीने १९९३ साली एचटीएन-१ची जागा आठव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर निश्चित झाली; प्रत्यक्ष जनुक मात्र २०१५ साली हाती आले. मक्याचा जनुकसंच सुमारे २३० कोटी अक्षरांचा, त्यातील बहुतांश भाग पुनरावृत्त, आणि त्याची वाचलेली प्रत २००९ पर्यंत उपलब्ध नव्हती, हे पाहता हा काळ दीर्घ म्हणता येत नाही. पेशीच्या पटलात बसून बाहेरचे आक्रमण हेरणारे प्रथिन हे जनुक घडवते.

तथापि एकाच जनुकावर विसंबणे धोक्याचे आहे. १९६०च्या दशकात वापरात आलेल्या ‘एचटी-१’ या जनुकाला न जुमानणाऱ्या बुरशीच्या जाती पुढे आढळल्या. २०११ साली सुमारे पाच हजार वंशावळींच्या अभ्यासातून या रोगाच्या प्रतिकाराशी निगडित २९ जागा सापडल्या. त्यांपैकी बहुतेकींचा प्रभाव अल्प, म्हणूनच केवळ डोळ्यांनी त्या निवडता आल्या नसत्या. मार्कर असल्यास रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा तपासूनच निवड होते, आणि जनुकाच्या दोन्ही बाजूंना मार्कर असल्यास पेपितियाकडून त्यासोबत ओढले गेलेले नको असलेले गुण पिढ्यांगणिक छाटता येतात.