लोअर आर्मचा जुना बुश काढताना

बदलापूरच्या बेलवलीत गाडी ठेवणाऱ्याला खड्डे आणि चार महिन्यांचा पाऊस चुकत नाही. दोन्हींचा मार ज्या भागांवर बसतो त्यातला एक म्हणजे लोअर आर्मचा बुश. लोअर आर्म हा चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा धातूचा हात. त्याच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट असतो आणि सांगाड्याकडच्या बाजूला बहुतेक गाड्यांत दोन बुश.

बुश म्हणजे बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी बारीक नळी आणि दोन्हींना चिकटवलेलं मधलं रबर. बाहेरची नळी आर्मच्या घरात, म्हणजे बुशसाठीच्या गोल कड्यात, घट्ट ठोकलेली असते, आतली बोल्टने सांगाड्याला आवळलेली. चाक वरखाली झालं की रबर पिळवटतं आणि परत सरळ होतं. घासत काहीच नाही, त्यामुळे तेल-ग्रीस देऊन फायदा नाही. उलट साध्या तेलाने रबर फुगतं.

बुश गेल्याची खूण म्हणजे स्पीडब्रेकरवर पुढून येणारा 'टक' असा आवाज, ब्रेक मारताच एका बाजूला ओढणारं स्टिअरिंग आणि एकाच कडेने झिजणारा टायर. आवाज मात्र लिंक रॉड किंवा शॉकअपचाही असू शकतो. म्हणून गाडी उचलून आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये पहार घालून हलवून पाहावं. रबर नळीपासून सुटलेलं दिसलं किंवा आर्म सैल हलला, तर बुश गेला.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडणी द्या. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करून मग जॅक लावावा आणि सांगाड्याखाली लोखंडी घोडी ठेवावी. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उभ्या गाडीखाली जाऊ नका. वीट भाराखाली अचानक फुटते.

चाक काढल्यावर आधी बॉल जॉइंट सोडवायचा. त्यानंतर चाकाचा हब मोकळा होऊन बाहेर झुकतो. तो फार ओढला तर एक्सल आतल्या जॉइंटमधून निसटू शकतो आणि ब्रेकच्या पाइपवर ताण येतो. हब तारेने बांधून ठेवणं सोपं.

आता सांगाड्याकडचे बोल्ट, आणि आपल्याकडे काम बहुधा गंजामुळे इथेच अडतं. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या चाकं बुडेपर्यंत उभ्या होत्या. पण पूर न पाहिलेल्या गाडीतही बोल्ट आतल्या नळीशी गंजून एकजीव झालेला सापडतो. तो फिरवला की नळी फिरते, रबर पिळतं आणि पाना सोडताच बोल्ट मागे येतो. जोर वाढवला तर बोल्ट तुटतो किंवा सांगाड्याला वेल्ड केलेला नट आत सुटतो, आणि मग छोट्या कामाचं मोठं काम होतं. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवावं, पुढेमागे थोडं थोडं फिरवत राहावं. तरीही नाहीच निघालं, तर नळीसकट बोल्ट ब्लेडने कापून नवा घालावा.

आर्म हातात आला की लगेच हातोडा उचलू नका. आधी मोबाइलवर फोटो काढा. बऱ्याच बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे तो एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहतो. पोकळी कुठे होती याची खूण रंगाने आर्मवर करा आणि नळी घराबाहेर किती डोकावते तेही मोजा. नवा बुश फिरवून बसला तर आवाज जाईल, पण गाडीची चाल बिघडेल आणि बुशही लवकर फाटेल.

बाहेर काढायचा खरा मार्ग हायड्रॉलिक प्रेस, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा दाबयंत्राचा सांगाडा. मोठ्या गॅरेजमध्ये किंवा लेथवाल्याकडे तो असतो. नुसता आर्म घेऊन जावं. तिथे उभं राहून दोन गोष्टी पाहा. वरून दाबणारा तुकडा बुशच्या बाहेरच्या नळीवर बसायला हवा आणि घराच्या भोकातून सहज जायला हवा. खाली घराच्या कडेला आधार देणारी नळी हवी, जिच्यात जुना बुश उतरेल. पत्र्याच्या आर्मला हा आधार दिला नाही, तर बुश निघण्याआधी घर वाकतं. बुशला एका बाजूला कॉलर असेल, तर दाब कॉलर नसलेल्या बाजूनेच.

रस्त्याकडेला सोपा उपाय म्हणून गॅसच्या ज्वाळेने रबर जाळतात. मला हा प्रकार अजिबात मान्य नाही. रबराचा धूर विषारी, आर्मचा रंग जळून गंजाला वाट मिळते, शेजारच्या बॉल जॉइंटचं रबरी आवरणही वितळतं. ॲल्युमिनियमचा आर्म असेल तर उष्णतेने त्याची ताकदच जाते, आणि ते वरून दिसत नाही. शिवाय एवढं करून निघतं ते फक्त रबर. बाहेरची नळी घरात तशीच बसून राहते.

प्रेस नसेल तर तीच नळी शांतपणे कापायची. रबराला ड्रिलने सभोवार भोकं पाडली की आतली नळी रबरासकट सुटते. मग हॅकसॉचं ब्लेड घरातून ओवून फ्रेमला लावा आणि नळीला आतून लांबीत चीर द्या. नळीची जाडी संपत आली की थांबायचं. पुढचा घास घराला लागतो, आणि तिथली चीर म्हणजे भेगेची सुरुवात. उरलेला पातळ पापुद्रा छिन्नीने आत दुमडला की नळीची पकड सुटते. डोळ्यांवर चष्मा हवाच. चीर देता देता हात भरून येतात, पण घाई इथेच महाग पडते.

रिकामं घर पॉलिश पेपरने साफ करून उजेडात पाहा. भेग, लंबगोल झालेलं भोक किंवा पत्रा खाणारा गंज दिसला, तर नवा बुश घालण्यात अर्थ नाही, आर्मच बदला. काही गाड्यांना बुश सुटा मिळतच नाही. कुठे मिळतो, पण मजुरी धरता नवा आर्म फार महाग पडत नाही. कामाला हात घालण्याआधीच स्पेअरच्या दुकानात चौकशी केलेली बरी.

नवा बुश सरळ रेषेत, बाहेरच्या नळीवरच दाब देऊन बसवावा. निसरडं करायला साबणाचं पाणी पुरतं.

आर्म परत चढवताना सांगाड्याचे बोल्ट आधी सैलच ठेवा. चाक लोंबकळत असताना ते आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि नवा बुश अकाली फाटतो. गाडी चाकांवर उभी करून, दोनदा हलवून, मग कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पाना लावावा. बॉल जॉइंटचा नट मात्र आधीच पक्का. त्यानंतर गाडी थेट व्हील अलाइनमेंटला न्यावी.