घोट्याच्या अस्थिभंगाविषयी काही रूढ समज

शिरूर आणि दौंड हे घोड व भीमा या नद्यांच्या खोऱ्यातील दोन तालुके ऊस, कांदा, दूधदुभते आणि अलीकडच्या काळात रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखाने यांवर जगणारे असल्यामुळे, येथे ज्याचे एक पाऊल निकामी झाले त्याचा अवघा प्रपंच काही महिने अडून बसतो. असे असूनही घोट्याची ही दुखापत पुष्कळदा रस्त्यावर किंवा यंत्रापाशी होत नाही. मोरीतील ओली शहाबादी फरशी, कठडा नसलेला गच्चीचा जिना, गोठ्यातील निसरडी जमीन, पहाटेच्या अंधारात न दिसलेली अंगणातील पायरी, एवढेच निमित्त तिला पुरेसे होते. पाऊल जमिनीवर खिळलेले आणि वरचे शरीर मात्र एका बाजूला वळलेले, अशा स्थितीत सगळा देहभार त्या एका सांध्यावर पिळला जातो आणि हाड तुटते. त्यानंतर शेजारी, नातेवाईक आणि वडीलधारी माणसे अत्यंत कळकळीने जो सल्ला देतात, त्यातील काही भाग रुग्णाच्या हिताचा असतो आणि काही भाग त्याला कायमचे अधू करणारा असतो.

या सर्व समजांच्या मुळाशी मला एकच चूक दिसते. घोट्याची ही दुखापत हाडाची आहे असे लोक धरून चालतात. वास्तविक ती सांध्याची असते. नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड ही दोन्ही खाली येऊन एक खाच तयार करतात, आणि सुताराने लाकडात पाडलेल्या खाचेत दुसरे लाकूड जसे तंतोतंत बसावे तसे पावलाचे वरचे हाड त्या खाचेत बसलेले असते. आपण ज्यांना आतला व बाहेरचा घोटा म्हणतो ती या खाचेची दोन टोके होत. रॅम्सी आणि हॅमिल्टन यांनी मृत व्यक्तींच्या पायांवर प्रयोग करून 1976 साली असे दाखवून दिले, की पावलाचे हे हाड केवळ एक मिलिमीटर बाहेर सरकले तरी सांध्यातील परस्परांना टेकणारे क्षेत्र सरासरी 42 टक्क्यांनी घटते. म्हणजे तोच देहभार जवळजवळ निम्म्या जागेवर पडू लागतो, आणि कूर्चा झिजत जाऊन काही वर्षांनी संधिवात मागे लागतो.

पहिला समज असा, की हाड मोडले असते तर चालताच आले नसते. देहभाराचा फार मोठा वाटा नडगीचे हाड उचलते आणि बाहेरचे बारीक हाड अल्पसा, त्यामुळे ते बारीक हाड तुटल्यावरही कित्येक माणसे लंगडत का होईना पण चालतात आणि ‘मुका मार आहे, उतरेल’ अशा भरवशावर आठवडा घालवतात. कॅनडातील ओटावा येथे स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली जो नियम मांडला आणि जो आज जगभरच्या अपघात कक्षांत वापरला जातो, त्यात चालण्याबरोबरच हाड दाबून पाहणेही आवश्यक मानले आहे. घोट्यापाशी वेदना आहे, आणि दोहोंपैकी कोणत्याही घोट्याच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, खालून वर 6 सेंटीमीटरपर्यंत, हाडच दाबल्यावर दुखते, अथवा पडल्यानंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना मंदावली आहे त्यांनी मात्र या नियमावर विसंबू नये; त्यांना मोडलेले हाडही विशेष दुखत नाही, म्हणून सूज आली की तपासणी करून घ्यावी हेच बरे.

दुसरा समज चोळण्याचा आणि शेकण्याचा. पाय मुरगळला की तेल गरम करायचे, जोराने चोळायचे, नंतर हळद व चुन्याचा लेप लावून विटेने शेक द्यायचा, हा क्रम घराघरांत इतका मुरलेला आहे की तो न करणे म्हणजे रुग्णाची हेळसांड वाटते. पहिल्या दोन दिवसांत आत रक्तस्राव चालू असतो. उष्णतेने व चोळण्याने तो वाढतो, सूज चढते, आणि तुटलेली टोके हलून सांधा अधिक विस्कटतो. त्या वेळी पाय दोन उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोड्या थोड्या वेळाने लावावा, आणि जाड पुठ्ठ्याचा किंवा उशीचा आधार बांधून रुग्णालय गाठावे. गाडीची सोय नसेल तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

हाडवैद्यांविषयी लिहिताना मला अनादर करावयाचा नाही. या विद्येचा वारसा जुना आणि गंभीर आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा आणि सांधे निखळण्याचे सहा प्रकार वर्णिलेले असून, वड, पिंपळ, पळस, अर्जुन आदी वृक्षांच्या साली व बांबू यांच्या पट्ट्या बांधण्याचा विधीही दिलेला आहे. आणि बंध सैल झाला तर सांधा स्थिर राहत नाही, अति घट्ट झाला तर सूज व वेदना उत्पन्न होतात, ही सूचनाही त्यात आहे. आज गावोगावी नेमकी हीच सूचना विसरली जाते. घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली रक्तप्रवाह कोंडला तर काही तासांत स्नायू मरू लागतात. बोटे थंड किंवा निळसर पडणे, बधिर होणे, आणि बोट हळूच वर उचलताच असह्य कळ येणे ही त्याची चिन्हे होत. ती दिसताच बंध सोडून, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. शिवाय बंध कितीही कौशल्याने बांधला तरी एका मिलिमीटरचा फरक बोटांना कळत नाही. तो एक्स-रेतच दिसतो.

याच्या अगदी उलट टोकाचा समज असा, की घोटा मोडला म्हणजे शस्त्रक्रिया ठरलेलीच, किंवा डॉक्टर ती पैशासाठीच सुचवतात. वस्तुस्थिती अशी, की केवळ बाहेरच्या घोट्याचे हाड तुटले, खाच शाबूत राहिली आणि सांधा स्थिर असला, तर प्लास्टरने किंवा आधाराच्या बुटाने ते हाड पुष्कळदा उत्तम भरून येते. दोन्ही बाजू तुटल्या, दोन हाडांना बांधणारे अस्थिबंध फाटले किंवा पाऊल जागेवरून सरकले, तर मात्र प्लेट व स्क्रू बसवून खाच पूर्ववत करण्याची तजवीज करावी लागते. म्हणून डॉक्टरांना विचारण्याचा खरा प्रश्न ‘ऑपरेशन लागेल का’ हा नसून ‘सांधा स्थिर आहे का’ हा आहे.

शस्त्रक्रिया ठरली आणि डॉक्टरांनी कच्चे प्लास्टर घालून आठवडाभर थांबावयास सांगितले, की नातेवाईक अस्वस्थ होतात आणि रुग्णालय बदलण्याची मसलत करू लागतात. घोट्यावरची त्वचा पातळ असते. ती ताणलेली असताना छेद घेतला तर जखम उघडी पडण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सूज उतरून त्वचेवर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की शल्यविशारद पुढे पाऊल टाकतात. हे थांबणे उपचाराचाच भाग आहे. विलंब घातक ठरतो तो दोन प्रसंगी: हाड त्वचा फाडून बाहेर आले असेल, किंवा पाऊल वाकड्या दिशेला वळलेले असेल. तेथे जखम तातडीने धुतली जाणे व पाऊल तातडीने जागेवर बसवणे अगत्याचे असते.

भूल देण्यापूर्वी सहा तास अन्न वर्ज्य असते, आणि आपल्याकडे पहाटे प्रेमाने पाजला जाणारा दुधाचा चहा अन्नातच जमा होतो. भुलीसाठी कमरेत दिलेल्या इंजेक्शनाने जन्मभर कंबर दुखते, या भीतीला आधार नाही. टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते, क्वचित डोकेदुखी उद्भवते, आणि तिच्यावर उपाय आहेत.

पथ्याच्या बाबतीत आपल्या घरांतून जेवढी सक्ती होते तेवढी औषधाच्या बाबतीत होत नाही. भाताने जखमेत पू होतो, म्हणून महिनाभर भात बंद; आंबट बाधते, म्हणून लिंबूही बंद. पू होतो तो जंतूंमुळे. ज्या सुश्रुताच्या नावाने पथ्य सांगितले जाते, त्याने भग्नरोग्याच्या आहारात साळीचा भात, मांसरस, दूध, तूप आणि वाटाण्याचे कढण ही स्पष्ट नमूद केली आहेत. आंबट त्याने निषिद्ध मानले, हेही खरे. परंतु जखम भरून काढणारे तंतू तयार होण्यासाठी क जीवनसत्त्व लागते हे आज सिद्ध असल्यामुळे, पेरू, आवळा, लिंबू यांना ताटाबाहेर ठेवण्याचे कारण उरलेले नाही. डाळी, मटकी, अंडी, दूध, मासे यांतील प्रथिनांची या काळात अधिक गरज असते. पायाचे सूप रुचकर व पोटाला सुखाचे असले तरी त्यात कॅल्शियम फारसे उतरत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर दूध सोडू नये.

ज्या पथ्यावर खरोखर हट्ट धरावा त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. तंबाखूतील निकोटिनाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हाड उशिरा सांधते आणि जखम चिघळण्याचा संभव वाढतो. पुरुषांच्या विडीची वा मळलेल्या तंबाखूची निदान व्यसनात गणना होते. आपल्या आयाबहिणी दात घासण्याच्या निमित्ताने जी मिश्री लावतात, ती भाजलेली तंबाखूच असूनही डॉक्टरांच्या प्रश्नाला ‘व्यसन काही नाही’ असे प्रामाणिक उत्तर दिले जाते. ही मिश्री कागदावर येणे अत्यंत आवश्यक आहे.

प्लेट टाकली की पाय पक्का झाला, हा समज आणि तीन महिने अंथरूण सोडू नये, हा समज परस्परविरोधी असूनही एकाच घरात सुखाने नांदतात. प्लेट हाडाला केवळ योग्य स्थितीत धरून ठेवते. सांधण्याचे काम हाडच करते आणि त्यास साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. त्याआधी अविचाराने भार टाकला तर स्क्रू सैल होतात, प्लेटही तुटू शकते. उलट निजून राहिल्याने पोटरी वाळते, सांधा आखडतो आणि पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे भय असते; पोटरीत अचानक वेदना व सूज, किंवा छातीत दुखून धाप लागणे, ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार, शल्यविशारदांनी योग्य मानलेल्या रुग्णांनी शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी भार टाकण्यास आरंभ केला, तरी सहा आठवडे थांबणाऱ्यांपेक्षा त्यांची स्थिती वाईट झाली नाही. मात्र अस्थिबंध फाटलेले असतील, हाडे ठिसूळ असतील किंवा मधुमेहाने पाय बधिर असेल, तर मुदत लांबते. म्हणून शेजारच्या रुग्णाची मुदत आपल्याला लावू नये.

आपल्याकडच्या रुग्णाची खरी कसोटी पुढे लागते. नव्वद अंशांत थांबलेला घोटा खुर्चीवर बसणाऱ्यास चालून जातो. खुरपणी, दूध काढणे, चुलीपुढे बसणे, देशी संडास, या सर्वांना उकिडवे बसावे लागते आणि त्यासाठी पाऊल नडगीकडे बरेच वर वाकावे लागते. हा वाक परत मिळवणे हेच व्यायामाचे मुख्य प्रयोजन होय. एक्स-रेत हाड जुळलेले दिसले की लोक व्यायाम सोडतात, आणि नेमका त्याच टप्प्यावर तो वाढवावयाचा असतो. परवानगी मिळताच बोटे व पाऊल वर-खाली हलवणे, टॉवेलाने पाऊल आपल्याकडे ओढणे, पुढे भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे आणि शेवटी एका पायावर तोल सांभाळणे, असा क्रम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. दर वेळी शहरात जाणे जमले नाही तरी शिकलेला व्यायाम घरी रोज करता येतो. तोवर संडासात कमोडची खुर्ची आणि भिंतीला एक दांडी बसवावी. रुग्ण दुसऱ्यांदा पडतो तो बहुधा तेथेच.

संध्याकाळी पाय सुजणे सहा महिने, कधी वर्षभरही चालते. वेदना, लाली, ताप किंवा स्राव नसेल तर त्यात भिण्यासारखे काही नाही. प्लेट गंजते, म्हणून काढलीच पाहिजे, असेही नाही. ती न गंजणाऱ्या पोलादाची किंवा टायटॅनियमची असते आणि टोचत नसेल तर जन्मभर राहू शकते. दोन हाडांना जोडणारा आडवा स्क्रू काही वेळा काढावा लागतो. मोटरसायकलीचा गिअर डाव्या पावलाने व मागचा ब्रेक उजव्या पावलाने चालत असल्यामुळे कोणताही घोटा मोडला तरी ती वर्ज्यच. उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रेक दाबण्याची तत्परता पूर्ववत होण्यास सुमारे नऊ आठवडे लागतात, असे मोटारचालकांच्या अभ्यासात आढळले आहे.

खर्चाच्या धास्तीने उपचार टाळणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे शिरूरच्या ग्रामीण किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिशस्त्रक्रियांचा समावेश असल्याने, आपली शस्त्रक्रिया तीत बसते की नाही हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका दाखवून आधीच विचारून घ्यावे. कारखान्यातील कामगारांचा एक समज मला फार नुकसानीचा वाटतो: घरी पडलो, कामावर नव्हे, म्हणून काही मिळणार नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्याची नोंद आहे आणि ज्याने वर्गणीच्या सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी भरली आहे, त्यास दुखापत कोठेही झालेली असली तरी वैद्यकीय दाखल्यावर आजारपणाचा लाभ मिळतो. तो वेतनाच्या 70 टक्के असून वर्षाला 91 दिवसांपर्यंत चालतो. दाखल्याची तारीख तुटू न देणे एवढी दक्षता मात्र ठेवावी लागते.

घरातील गृहिणीस अशी कोणतीही सवलत नाही. टाके निघाले की ती ओट्यापाशी उभी राहते, कारण तिच्या कामाची रजा कोणी मंजूर केलेली नसते. आणि चाळिशी-पन्नाशीपुढच्या स्त्रियांत साध्या पडण्याने घोटा मोडला असेल तर हाडांच्या घनतेची व ड जीवनसत्त्वाची तपासणीही राहून जाते. यास्तव घरी सोडताना जो कागद मिळतो, त्यावर भार किती दिवस टाकावयाचा नाही, पाणी भरणे, उभ्याने स्वयंपाक व जिना कधीपर्यंत बंद, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेस, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून मागावे, व तो कागद घरातील कर्त्या माणसाच्या हाती द्यावा.