विहिरीवरची मोटर आणि रस्त्यावरची मोटर

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विजेच्या मोटरीवर लिहावे याचे विज्ञान शाखेच्या मित्रांना हसू येईल. येवो बापडे! आमच्या इनामगावात घोड नदीच्या काठी "मोटर जळाली" हे शब्द ऐकतच आम्ही वाढलो. आता तीच मोटर दुचाकीत आली आहे, पण तिचे काम निराळे आहे.

पंपाची मोटर सुखी. एकदा सुरू झाली की एकच वेग, जवळजवळ एकच भार. गाडीच्या मोटरीला मात्र उभी गाडी माणसांसकट हलवायची असते, चढ चढायचा असतो. जोर जास्त हवा तर वेटोळ्यांतून प्रवाह जास्त लागतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तारेवरचे आवरण जळते, तारा एकमेकींना भिडतात. हेच ते "जळणे". म्हणून रचनाकाराची खरी झुंज उष्णतेशी. तार जाड करावी तर मोटर जड होते, आणि तिलाच वाहून नेण्यात बॅटरी संपते.

तेव्हा मोटरीची शक्ती ऐकली की "किती वेळ?" असे विचारावे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तेथे वाहनांच्या चाचण्या होतात. अशा चाचणीत मोटर डायनामोमीटरला जोडतात. हे यंत्र तिला मुद्दाम अडवून तिचा पीळ आणि वेग मोजते. सलग अर्धा तास टिकते ती "तीस मिनिटांची शक्ती".

ही शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि इतर अटी पाळलेल्या असतील, तर त्या दुचाकीला लायसन लागत नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच; माझ्यासाठी अशी गाडी पाहायला वडील गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "लायसन नको, दोघे आरामात चढ चढाल." मी हिशेब मांडला. गाडी आणि दोन माणसे मिळून २०० किलो, वीस मीटरला एक मीटर चढ. २५० वॉटमध्ये घर्षण सोडूनही वेग ताशी नऊ किलोमीटर! क्षणभर जास्त जोर मारील, पण मग तापेल. वडिलांनी गाडी घेतली नाही. लायसन काढून मोठ्या मोटरीची घेऊ म्हणाले.

पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटर मात्र बहुतेक ऊर्जा कामी लावते. आपली बरीच वीज अजून कोळशाची आहे, हे खरे. धूर गावातून हलून वीजकेंद्राकडे जातो. तरी मोटरीचा एक गुण इंजिनाजवळ नाही. मुंबईच्या लोकलला ब्रेक लागतो तेव्हा तिच्या मोटरी जनित्र बनतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते.