भूक आहे, पण हात पुढे जात नाही

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा रक्तदाब किंवा मधुमेह यांवर चार उपयुक्त गोष्टी लिहाव्यात, असे प्रथम मनात होते. परंतु टोंकखुर्दच्या माझ्या छोट्याशा दवाखान्यात घडलेला एक प्रसंग काही केल्या मनातून जाईना. त्यात चूक माझी होती, हेही त्याचे एक कारण असावे.

आपल्याच समाजातील एका जुन्या घराण्यातील आजी. वय सत्तरीच्या पुढे. पवारांच्या काळात पूर्वज देवासला आले, असे त्या अभिमानाने सांगत. एका पावसाळ्यात त्यांना चक्कर आणि मळमळ यांचा त्रास झाला म्हणून मी प्रोक्लोरपेराझिनच्या गोळ्या पाच दिवसांसाठी लिहून दिल्या. बरे वाटले. आजींनी ती चिठ्ठी जपून ठेवली, आणि त्याच चिठ्ठीवर घरी गोळ्या येत राहिल्या. गोळ्या पुढेही चालू आहेत का, हे विचारण्याचे मला सुचले नाही. सात महिन्यांनी सूनबाई त्यांना घेऊन आल्या. तक्रार विचित्र होती. "सासूबाई आळशी झाल्या आहेत. ताट समोर ठेवलं तरी बघत बसतात. घास भरवला की खातात." मी आजींना विचारले, भूक लागत नाही का? त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भूक आहे रे. हात पुढे जात नाही."

चेहरा निर्विकार, मनगटात ताठरपणा, पाऊल घासत चालणे. निदान कठीण नव्हते. औषधाने आणलेला कंपवातच तो, फक्त कंपाविना. परंतु आजींचे ते वाक्य मला ज्या प्रयोगांपर्यंत घेऊन गेले, त्यांची हकीकत डॉक्टरेतर वाचकांनाही रंजक वाटावी.

या कथेचा आरंभ आपल्याच मातीत आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील तिचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. पुढे स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी ते सशांना टोचले. ससे कान पाडून जागच्या जागी थिजले. मग त्यांना डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडू लागले. हे वर्ष १९५७. मेंदूतील डोपामाइन हे स्वतंत्र महत्त्वाचे रसायन आहे, हे त्यातून पुढे आले आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की हा डोपा आपल्या बांधावरच्या खाजकुहिलीच्या बियांतही असतो. दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो १९३७ मध्येच त्यातून वेगळा केला होता. (म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत, ही विनंती.)

वर्तमानपत्रांतून डोपामाइनला 'आनंदाचे रसायन' म्हणतात. मला ते नाव फसवे वाटते. सिअ‍ॅटल येथे झोऊ आणि पामिटर यांनी १९९५ मध्ये डोपामाइन बनवूच न शकणारे उंदीर तयार केले. ते उंदीर पुढ्यातल्या अन्नाकडे न जाता काही आठवड्यांत उपासमारीने मरत. डोपा दिला की हिंडत, खात. अमेरिकेतच जॉन सॅलामोन यांनी उंदरांपुढे दोन वाटा ठेवल्या. एकीकडे थोडे खाद्य सहज मिळे, दुसरीकडे अधिक, पण मध्ये चढण्यास कठीण जाळी. धडधाकट उंदीर जाळी चढत. डोपामाइन कमी केलेले उंदीर थोड्यावर भागवत. खाण्याची रुची शाबूत होती, त्यासाठी उठण्याची तयारी गेली होती. आजींनी हेच चार शब्दांत सांगितले होते.

आता काळाविषयी. दूध काढण्याच्या वेळेला म्हैस दावणीशी येऊन हंबरते, ते दिवसाचे घड्याळ निराळे. येथे प्रश्न काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच्या अंदाजाचा आहे. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या डोपामाइन पेशींचे संदेश नोंदवले. अनपेक्षित रसाचा थेंब मिळाला की त्या उसळत. दिव्यानंतर ठरावीक अवधीने रस मिळतो, हे शिकल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या. आणि रस दिलाच नाही, तर तो ज्या क्षणी यायला हवा होता, नेमक्या त्या क्षणी त्या गप्प होत. म्हणजे अपेक्षेच्या पोटात घड्याळ होतेच. इच्छा आणि वाट पाहणे ही एकाच पेशीची कामे निघावीत, याचे मला अजून नवल वाटते.

वॉरेन मेक यांच्या उंदरांमध्ये डोपामाइन वाढवणाऱ्या औषधाने हे घड्याळ पुढे पळे, तर हॅलोपेरिडॉलसारख्या अडवणाऱ्या औषधाने मागे पडे. चित्र असे सरळच राहिले असते तर बरे होते. २०१६ मध्ये लिस्बनच्या सोआरेस, अताल्लाह आणि पॅटन यांनी उंदरांच्या डोपामाइन पेशी प्रकाशाने थेट चेतवल्या, तेव्हा त्यांना अवधी उलट कमी वाटू लागला. पेशी शांत केल्या की अवधी लांबे. औषध तासन्तास सर्वत्र पसरते, प्रकाश क्षणभर एका जागी पडतो. दोन्ही प्रयोगांना एकाच तागडीत घालणे मला पटत नाही. आवडत्या गोष्टीत वेळ कसा जातो ते कळत नाही, हा आपला अनुभव मात्र लिस्बनच्या बाजूचा आहे.

सूनबाईंनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. आजी ओसरीवर दोन दोन तास बसून राहत आणि विचारले तर "आत्ताच तर बसले" म्हणत. उंदराच्या काही सेकंदांवरून माणसाच्या दोन तासांचा अर्थ लावणे शास्त्राला धरून नाही, हे मी जाणतो. तरीही ते वाक्य मी केसपेपरवर लिहून ठेवले.

गोळी त्या दिवशीच बंद केली. चूक माझी आहे, हेही दोघींना सांगितले. लगेच फरक पडत नाही, पडलाही नाही. पहिला महिना तसाच गेला. दुसऱ्या महिन्यात आजी स्वतःच्या हाताने जेवू लागल्या. साडेतीन महिन्यांनी, गव्हाच्या कापणीच्या दिवसांत, त्या काठी टेकत एकट्या दवाखान्यात आल्या. आत एक लहान मूल तपासत होतो. पंधरा मिनिटे झाली असतील नसतील, पडद्याबाहेरून खणखणीत आवाज आला, "काय रे डॉक्टर, म्हाताऱ्या माणसाला किती वेळ बसवून ठेवतोस?"